हिरव्या माणसांतला एक

"वन्सं, यान बघा! कुकरला पंख लावलेत नुसते," मथुराबाई म्हणाल्या.

"आणि राणीच्या डोक्यावर पुरणयंत्राची जाळी! दहापैकी दोन," नणंदेने गुण देऊन टाकले.

नातीने लावून दिलेली जुनी अंतराळमालिका दोघी अशाच हसत बघत होत्या. पण मथुराबाईंची नजर कुणाला तरी शोधत होती. त्यांचे दिवंगत यजमान या मालिकेत हिरवा मुखवटा घालून परग्रहवासी झाले होते. घरात त्यांचे फोटो पुष्कळ होते, पण चालते-फिरते ते उरले होते फक्त इथेच. आणि हिरवे तर सगळे सारखेच!

"हा शेवटचा भाग, वहिनी. दादा काही सापडत नाही," वन्संचा आवाज उतरला.

पडद्यावर हिरवी फौज माणसांचे यान काबीज करायला धावली. सगळे धडाधड आत घुसले. शेवटचा मात्र दारात थबकला. त्याने बूट काढले, भिंतीशी नीट जोडीने लावले आणि मगच भाला उगारून आत शिरला.

"अगं बाई! आमच्या आईची शिस्त!" वन्सं ओरडल्या.

मथुराबाईंनी हसता हसता पदर डोळ्यांना लावला. "जरा मागे घ्या ना. पुन्हा एकदा आत येऊ देत त्यांना."