दहा ठिपके

"आसियाबी, अजून किती वेळ? बाहेर सात पेशंट बसलेत," सत्यजीत दारातून म्हणाला.

"औषध तीन मिनिटं ओलं राहिलं पाहिजे, साहेब. मग सात काय, सत्तर आणा."

सीटी स्कॅनच्या टेबलावर आसियाबींचा हात कडेकडेने सरकत राहिला.

पनवेलच्या त्या सेंटरमध्ये त्यांची सफाई सगळ्यांना पाठ होती. फडक्याच्या आठ घड्या, प्रत्येक जागेला नवी घडी. आधी बटणं, मग पट्टे, मग गादी, शेवटी खालचा कठडा. सगळं दोनदा. बाटली उघडली की आधी वास घ्यायचा. स्टूल कुणी वीतभर हलवलं, तर त्याचं काही खरं नसायचं.

"खाला, मशीन आहे ते, नवरी नाही," त्यांना मावशी मानणारी टेक्निशियन स्नेहल म्हणायची.

"नवरीला एवढं कोण पुसतं गं?"

सत्यजीत नवा सुपरवायझर. बाई थकल्यात, वेळ खातात, असं त्याने वर कळवलं होतं. आज टीबीचा पेशंट तपासून गेल्यावर त्याने खोलीत दहा जागी जेलचे ठिपके लावले. एरवी न दिसणारे, खास दिव्याखालीच चमकणारे. एक जरी उरला तर सोमवारपासून येऊ नका, असं त्याने आसियाबींना सांगूनच टाकलं. रोडपालीच्या त्यांच्या घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं.

तीन मिनिटं झाली. खोलीतली ट्यूब बंद करून सत्यजीत हातातला दिवा सगळीकडे फिरवू लागला. गादी, पट्टे, बटणं. गुडघे टेकून कठड्याखालीही पाहिलं. मग पुन्हा पहिल्यापासून.

"एकही नाही," तो दिवा बंद करून ट्यूब लावत म्हणाला. "दहावा कुठे लावला ते मीच विसरलो होतो."

"म्हणजे सोमवारी यायचं?" आसियाबींचा आवाज दमलेला होता.

"यायचं. आणि नव्या मुलींना तुम्हीच शिकवायचं."

"झालं ना? खाला, चला, चहा घेऊ," स्नेहल घाईने म्हणाली.

"थांब गं. काय पुसलं ते त्यांना बघू तरी दे." सत्यजीतने जेलचा थेंब तळहातावर घेतला आणि हात आसियाबींपुढे धरला. "बघा, कसा चमकतो."

"या अल्ला! काय लखलखतोय!" आसियाबी कौतुकाने म्हणाल्या.

सत्यजीतने दिवा अजून पुन्हा लावलाच नव्हता.