मागचा कण

नातीला दिवस गेले, त्या वर्षीची गोष्ट. आजारी आजीच्या उशाशी बसून ती आपल्या संशोधनासाठी लॅपटॉपवर पेशीच्या पडद्यातली बारीक वाट मांडायची आणि तिच्यातून विजेचा भार असलेला एक कण सोडायची. कण दरवेळी मधेच अडकायचा.

"एकट्याला सोडू नकोस," मी म्हणालो. गिरणीच्या फाटकावर तीस वर्षं उभा होतो मी. "अरुंद वाटेत मागचा आत शिरला की पुढचा बाहेर पडतो."

तिनं मागून दुसरा सोडला. दोघांवर सारखाच भार, त्यामुळे पहिला ढकलला जाऊन पलीकडे सुटला.

"तुमची फाटकावरची अक्कल एकदाची कामी आली," बायको अंथरुणातून म्हणाली. मग तिनं नातीच्या पोटावर हात ठेवला. "सावकाश ये गं बाळा. तोवर मी काही हलत नाही."

पणती चार मार्चला जन्मली. माझी बायको सात मार्चला गेली.