दावा मंजूर करण्यात ये

दिव्यानीने संगणकावरच्या खिडकीचा कोपरा माऊसने धरून ओढला. खिडकी सगळ्या पडद्यावर फिरली, पण तसूभर मोठी झाली नाही. चहूकडे एवढी जागा रिकामी, आणि मजकूर मात्र अर्ध्या पोस्टकार्डाएवढ्या चौकटीत कोंबलेला. ‘दावा मंजूर करण्यात ये’ एवढंच दिसत होतं. पुढचं कडेखाली गेलं होतं.

समोर बुधरीबाई उभी होती. जंगलातल्या गावाहून दोन बस बदलून तालुक्याच्या कार्यालयात आलेली. गेल्या वर्षी याच खिडकीतलं वाचून दिव्यानीने तिला सांगितलं होतं, की तुमच्या वनजमिनीचा दावा मंजूर झाला, पट्टा येईल. बाईने चारोळीची पुडी आणून टेबलावर ठेवली होती. यंदा तिने भाताच्या बांधीचे धुरे नीट केले, रोपांसाठी धानाचे पऱ्हे टाकले. आणि परवा रोवणीला बायका चिखलात उतरल्या, तेव्हा वनरक्षकाने येऊन काम थांबवलं. दावा केव्हाच फेटाळला आहे, म्हणाला.

"तूच त वाचून सांगतलं होतं ना बाई?" बुधरीने विचारलं. आवाजात राग नव्हता. तो असता तर दिव्यानीला बरं वाटलं असतं.

तिने ती अर्धवट ओळ उचलून दुसऱ्या कोऱ्या पानावर चिकटवली. तिथे ओळ पूर्ण दिसली. ‘दावा मंजूर करण्यात येत नाही.’ खाली अपिलाची मुदत होती. ती गेल्या दिवाळीतच संपली होती.

दिव्यानीच्या अंगाचा भडका उडाला. ही खिडकी ज्याने कुणी बनवली, त्याला मराठीत ‘नाही’ शेवटी येतं हे ठाऊक नव्हतं? की कुणी वाचणारच नाही, असं धरूनच बनवली होती? तिने बुधरीचा हात धरला आणि तडक साहेबांच्या खोलीत गेली.

साहेबांनी ऐकून घेतलं आणि चूक तिच्याच अंगावर टाकली. ऑपरेटरने नीट वाचायला नको का, म्हणाले. आता अर्जदार उशिरा आली असा शेरा मारायचा आणि प्रकरण बंद करायचं. दिव्यानी करारावर होती. दर मार्चला तो करार साहेबांच्याच सहीने वाढायचा. तरी ती जागची हलली नाही. निर्णय जिथून देता ती खिडकी एकदा उघडा, एवढंच म्हणत राहिली.

शेवटी वैतागून त्यांनी ती उघडली. तीही तेवढीच होती. तिच्यात निर्णय लिहायचा नव्हता, दोन तयार ओळींतली एक निवडायची होती. वरची ओळ होती, ‘दावा मंजूर करण्यात ये’. खालची ओळ होती, ‘दावा मंजूर करण्यात ये’.

साहेब चष्मा सावरत पडद्याजवळ वाकले. त्यांनी आधी वरच्या ओळीवर बोट ठेवलं, मग खालच्या.

"बुधरीबाईच्या वक्ताले कोणती निवडली होती साहेब?" दिव्यानीने त्यांच्यापुढे कोरा कागद सरकवला. "तेवढं लिहून द्या."

त्यांनी कपाटातून बुधरीची फाइल काढली. पहिल्याच पानावर त्यांच्या स्वतःच्या अक्षरात शेरा होता : पात्र. त्यांनी तो दोनदा वाचला. मग पेन उघडलं, आणि बुधरीकडे न बघता कागदावर लिहिलं,

‘मी हा दावा मंजूर केला होता.’