ताटाबाहेरचं

“आजही अर्धीच भाकरी दिली मेल्याने,” प्राजक्ता पुटपुटली. वजन वाढलं की घरातलं वाढपी यंत्र त्या माणसाचं जेवण कमी करायचं, आणि तिचं तर वाढतच होतं. उद्यापासून नुसतं सूप मिळणार होतं.

“शेवटी एकूण कॅलरीच महत्त्वाच्या,” तिचा नवरा हेमंत म्हणाला.

“छे हो बाबा, त्या कशातून येतात ते बघा,” लेक म्हणाली.

वाद घालत दोघं उठली. ताटांत पुऱ्या, श्रीखंड तसंच. प्राजक्ताने ताटं उचलली आणि ओट्याकडे तोंड करून, दमल्या हाताने, उभ्यानेच एक पुरी खाल्ली. अन्न टाकवत नव्हतं, आणि भूकही होतीच.

इतकी वर्षं हे बघत गप्प राहिलेल्या सासूबाई पानावरूनच म्हणाल्या, “हेमंता, तुमचं उरलेलं ती खाते. आणि तुम्हा दोघांना ते ठाऊक आहे.”