कामाक्षीच्या विहिरीचं पाणी

गुरुमूर्ती घागरीतलं पाणी काचेच्या नळीत ओतत होता आणि भागीरथी त्याच्या चेहऱ्यावर डोळे लावून बसली होती. घागर तिच्या धाकट्या जावेच्या, कामाक्षीच्या विहिरीवरची होती.

"गोड आहे," तो म्हणाला. "पण गोड म्हणजे स्वच्छ नव्हे, अम्मा."

भागीरथीला फार बरं वाटलं.

गोविंदपुरम्‌मध्ये नुकतीच पटकीची साथ येऊन गेली होती. म्हणून सरकारने कुंभकोणमहून या आरोग्य निरीक्षकाला धाडलं होतं. नव्या घरांच्या परसात संडासाचे खड्डे झाले होते. त्यांतली घाण जमिनीतून विहिरीत उतरते का, हे त्याला पाहायचं होतं.

दोघी जावांची घरं भिंतीला भिंत लावून. दोघींच्या परसात आपापली विहीर, आपापला खड्डा. भागीरथीची विहीर मचूळ. कामाक्षीच्या विहिरीवर सारी गल्ली येई. मठाच्या उत्सवाचा स्वयंपाक तिच्याच पाण्यावर होई. सासूबाई तेच पीत. तेवढंही भागीरथीने गिळलं असतं. पण परवा जेवता जेवता तिच्या नवऱ्याने, नरसिंहाने, तांब्या बाजूला सारला. "कामाक्षीकडचं आण गं," म्हणाला. तेव्हापासून तिला अन्न गोड लागत नव्हतं.

गुरुमूर्तीने पेटीतून तांबड्या भुकटीची बाटली काढली.

"ही खड्ड्यात घालायची. पाण्यात हिचा रंग हिरवा होतो. विहीर हिरवी झाली, की समजायचं घाण पोचतेय."

"आणि नाही झाली तर?"

"तर पाणी चांगलं."

बाटली घेऊन तो मागे खड्ड्यांकडे गेला. परत आला तो हात धुवायला न्हाणीत शिरला. बाटली त्याने पडवीत ठेवली होती. भागीरथीने चिमूटभर भुकटी पदराच्या टोकाला बांधली.

पुढचे काही दिवस ती काही ना काही निमित्ताने कामाक्षीच्या विहिरीत डोकावून आली. पाणी आरशासारखं नितळ.

"अक्का, तुम्हालाही काळजी लागलीय ना?" कामाक्षी म्हणाली. "उत्सव तोंडावर आलाय. पण चांगलंच निघेल बघा."

भागीरथी हसली. दुपारी गल्ली पेंगत असताना तिने पदराची गाठ त्या विहिरीवर सोडली.

संध्याकाळी पाणी शेंदताना कामाक्षी किंचाळली. बादलीत भाताच्या कोवळ्या रोपांसारखं हिरवंगार पाणी. गल्ली गोळा झाली. गुरुमूर्ती धावत आला, विहिरीत वाकला आणि कपाळाला हात लावून उभा राहिला.

भागीरथी पुढे झाली.

"माझ्या सासूला, माझ्या नवऱ्याला, देवाच्या पंगतीला ही घाण पाजली! ज्यांच्या खड्ड्याने हे केलं, त्यांच्या हातचं पाणी यापुढे कुणी घेऊ नये. तो खड्डा आज बुजवा. मठातही कळवा त्यांचं नाव."

"बरोबर आहे," नरसिंह म्हणाला. लोकांनीही माना डोलावल्या. कामाक्षी पदरात तोंड खुपसून रडत होती.

"नाव सांगा ना, साहेब," भागीरथी म्हणाली.

गुरुमूर्तीने तिची नजर टाळली.

"या विहिरीला सगळ्यात जवळचा खड्डा तुमचा आहे, अम्मा," तो हळूच म्हणाला. "भुकटी मी त्यातच घातली होती."