बिनवायरचा माऊस

"परत पाडलात? मुद्दाम करता काय हो अप्पा तुम्ही?"

टेबलाखालून माऊस उचलत समर्थ ओरडला. सकाळपासून हेच चाललेलं. अर्धांगाचा झटका आल्यापासून अप्पांचा उजवा हात लुळा पडलेला आणि डावा थरथरायचा; तरी आनेकल गावातल्या एका वर्कशॉपची ड्रॉइंगं ते घरी बसून तपासून द्यायचे. जुन्या माऊसची ती मळकी, लोंबकळणारी वायर बघून समर्थचं डोकं फिरायचं. म्हणून त्यानं हौसेनं बिनवायरचा आणला आणि जुना भंगारात देऊन टाकला.

"जुना होता तेव्हा कधी हाक मारली नाहीत. मी आणलेलाच बरा खाली पडतो!"

अप्पांनी मान खाली घातली. "सरी, बरं बाबा, नाही बोलवत आता."

दुपारी खरंच हाक आली नाही. ड्युटीवर निघताना समर्थनं खोलीत डोकावलं. माऊस टेबलावरून पुन्हा खाली गेलेला. पण त्याला जुन्या पायजम्याची नाडी बांधलेली होती, आणि तिचं दुसरं टोक डाव्या हातानं ओढत अप्पा त्याला हळूहळू वर घेत होते. दातांनी आवळलेली गाठ अजून ओली होती.

समर्थला बघून अप्पाच ओशाळले. "वायर होती तेव्हा असाच ओढून घ्यायचो रे. आता तुला त्रास नाही, बघ."



"मला निघायला पाहिजे आता," अप्पांची नजर चुकवून समर्थ दाराकडे बघत म्हणाला.