दगडावरची बढती

निवृत्त सैनिकांच्या आश्रमामागेच त्यांची दफनभूमी होती. सकाळी फिरायला गेलेले हवालदारकाका तिथे स्वतःच्याच नावाच्या नव्याकोऱ्या दगडापुढे थबकले. नावाआधी कोरलं होतं, 'कॅप्टन'. काका धापा टाकत ऑफिसात शिरले.

कारकुनाने कपाळाला हात लावला. "काका, दोन चुका झाल्यात. तुम्ही मेलेले नाही आणि कॅप्टनही नाही. आत्ता काढतो दगड."

"हात लावून तर बघ. तीस वर्षं बढतीसाठी अर्ज केलेत मी."

"अहो, पण दगड ठेवायचा तर रजिस्टरात मेलेलेच राहाल. आज दुपारपासून तुमचं जेवण बंद."

"राहतो की मेलेला. त्यात काय एवढं?"

छाती काढून काका निघाले खरे, पण बारा वाजता पोटात कावळे ओरडायला लागले. मागच्या दाराने ते हळूच स्वयंपाकघरात डोकावले. आचाऱ्याने वर न बघताच विचारलं, "जिवंत की मेलेले?"

"मेलेला," काका ताठ होत म्हणाले. "कॅप्टन."

"मग थांबा जरा. मेलेल्यांची पंगत साडेबाराला असते. आणि आधी सात मेजर जेवतील."